सालीसकट

शेजारच्या विपुलचा ट्रॅक्टर शेताच्या कडेला घुरघुरत उभा होता आणि अंकुर त्याच्या तोंडासमोर सरीत मांडी घालून बसला होता. पंगतीला बसलाय आणि पान यायचं तेवढं बाकी आहे, अशी ती मांडी.

माघ सरत आला होता. महूच्या पुढं, पिपल्द्याच्या शिवारात सकाळी बोटं आखडायची आणि ऊन चढलं की तीच काळी माती तव्यासारखी तापायची. बटाट्याचा पाला कापून बरेच दिवस झाले होते. मातीखाली साल घट्ट झाली होती, काढणीला उशीर चालणार नव्हता. मशीन वरंबे फोडत जायचं, मागनं बाया टोपल्या घेऊन वेचत जायच्या. सकाळपासून सगळं सुरळीत चाललं होतं, ते बांधाकडच्या या चार ओळींशी येऊन अडलं.

"काकी, याला उठवा नं," विपुल वरनंच बांधावरच्या जनाबाईला ओरडला. "डिझल फोकट जळतंय."

"मी नाही उठत," अंकुर शांतपणे म्हणाला. "या लायनी माझ्या आहेत. बाकी सगळं खेत घेऊन जा, भिया. मला काय करायचंय."

"अरे यार, मंडीची गाडी लागलीय तिकडं. तुझ्या चार लायनींसाठी मी परत मशीन जोडू काय?"

"नको जोडू. मी हातानं काढतो. रोज काढतो."

"रोज दोन आलू काढतो नी सांगतो काय. रात्री डुकरं येतात ती पण तुझ्याहून जास्त काढतात."

वेचणाऱ्या बाया हसल्या. अंकुरही हसला. हसला की तो जुना अंकुर दिसायचा, आणि तेच जनाबाईला सोसवत नसे.

जनाबाई बांधावर पदराचं टोक दातांत धरून उभी होती. सगळ्यांना वाटत होतं, घाई विपुलची आहे. खरं काय ते दोघांनाच माहीत होतं. एक नानासाहेब, जे निंबाखाली खाटेवर बसून चहाची वाट बघत होते, आणि दुसरी ती स्वतः. त्या ओळी उपटायला काल संध्याकाळी तिनंच हो म्हटलं होतं.

अंकुर तिचा एकुलता मुलगा. गेल्या चैत्रात लसणाचे कट्टे भरलेल्या ट्रॉलीवर चढून तो दोर आवळत होता. दोर तुटला आणि तो मागच्या मागं रस्त्याच्या मोरीच्या दगडावर डोक्यावर पडला. इंदूरला ऑपरेशन झालं, टाके भरले, वर केसही आले. गाव म्हणालं, वाचला. वाचला खरा, पण घरी आला तो कान टवकारून. भिंतीपलीकडं लोक आपलंच नाव घेतात म्हणायचा. विहिरीत कोणी काही टाकलंय म्हणून तासन्‌तास काठावर बसायचा. तिथल्याच पलासियाच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, डोक्याला मार लागल्यावर काही जणांना असं होतं, गोळ्या नियमानं द्या आणि धीर धरा. पण गोळी तो हातात घेईना. म्हणे, "मी काय पागल आहे?"

तेव्हा मार्ग दाखवला तो नानासाहेबांनी. जनाबाईचे थोरले दीर. आपला पणजा होळकरांच्या पागेत होता, हे सांगितल्याशिवाय त्यांचा चहा संपत नसे, आणि त्यांचं बोलणं घरात कोणी मोडत नसे. म्हणाले, "आई आहेस नं तू? आईच्या हातनं पोरगा दगडसुद्धा खातो."

ते खोटं असतं तर बरं झालं असतं. अंकुर तेव्हा दुसऱ्या कोणी वाढलेल्या ताटात चार वेळा डोकावायचा, पण आईनं वाढलेलं न बघता तोंडात घालायचा. बाफले त्याच्या जिवाचे. कणकेचे गोळे आधी उकळायचे, मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडायचे आणि वर सढळ तूप सोडायचं. त्या तुपाखाली काय लपलंय, ते बघतो कोण? राखीच्या दिवशी जनाबाईनं पहिल्यांदा गोळी कुटून त्यात घातली. सुनेलाही सांगितलं नाही. विनीता महूला कापडाच्या दुकानात कामाला जायची. नवरा आपणहून दवा घेतोय, असं समजून ती बिचारी देवाला हात जोडायची. आणि गुण तर येत होता. अंकुर झोपायला लागला, शेतावर जायला लागला, आलू लावताना पोरांशी मस्करीही करायला लागला.

घरात खलबत्ता एकच. त्यातच चहाचं अदरक कुटायचं. संक्रांतीच्या गडबडीत एका सकाळी जनाबाई तो धुवायला विसरली आणि सगळ्या घराचा चहा कडू झाला. विनीतानं तोंड वाकडं केलं, म्हणाली, "आईजी, अदरक खराब निघालं वाटतं." अंकुरनं अजून एक घोट घेतला. त्यानं कप खाली ठेवला, चुलीपाशी गेला, खलबत्त्यात बोट फिरवलं आणि ती पांढरी भुकटी जिभेला लावली.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"राखीपासून," जनाबाई म्हणाली.

त्यानं कप फोडला असता, शिव्या दिल्या असत्या, तर तिला चाललं असतं. तो नुसता बाहेर गेला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्याचं तोंड तर आईच्या हातानं पोळलं होतं. त्या दिवसापासून घरातला घास बंद. बांधाकडच्या ओळींतून स्वतः बटाटे उकरायचा, स्वतः गोवऱ्या पेटवायचा, राखेत भाजायचा आणि खायचा. वर मीठही नाही, कारण मीठ कुटलेलं असतं. विनीतानं विनवलं तेव्हा लहान पोराला समजवावं तसं तिला म्हणाला, "हे बघ, सालीतल्या आलूत कोणी काही घालू शकत नाही."

दवा सुटली तशी कानातली माणसं परत आली. पोरगा वाळून काठी झाला. पाऊण रात्र अंगणात फेऱ्या घालायचा आणि त्याच्या पावलांबरोबर जनाबाईची झोप जायची. शेजारणी सांगून गेल्या, फवारणीची बाटली आधी कुलपात ठेव, अशा माणसाचा काय नेम. ऐकून तिला राग आला. पण तिनं ती बाटली कणगीमागं लपवली, हेही खरं.

आणि काल नानासाहेब आले. परवा अमावास्या. नदीपलीकडच्या बाबाच्या ठाण्यावर अशांना साखळीला बांधून ठेवतात, सव्वा महिन्यात सुधारतात म्हणे. त्या दिवसाची जीप ठरवलेली होती. "त्या लायनी काढून टाक," ते म्हणाले. "एक-दोन दिवस भुका राहील, मग येईल तुझ्याकडेच. चहात झोपेची गोळी घाल. बाकी आम्ही बघतो." जनाबाईनं मान हलवली. मान हलवताना तिच्या डोळ्यांसमोर पोराचं भलं नव्हतं. तिला फक्त एक गाढ झोप दिसत होती.

तीच मान आता तिला वर उचलवत नव्हती.

विपुलनं ट्रॅक्टर थोडा पुढं घेतला. पुढचं चाक अंकुरच्या गुडघ्यापासून हातभर राहिलं असेल. अंकुरनं बसल्या जागीच मान वळवली आणि बांधाकडं बघितलं.

"आई, तू सांग नं याला," तो म्हणाला. "तुझं ऐकेल हा."

एवढं होऊनही वकील म्हणून त्यानं तिलाच बोलावलं. जनाबाई बांधावरून उतरली. पायाखाली ढेकळं फुटत होती. ट्रॅक्टरपाशी येऊन तिनं चाकावर हात ठेवला.

"विपुल, मशीन उचल. या ओळी राहू दे."

"काकी, पण तुम्हीच तर..."

"मीच सांगितलं होतं. आता मीच सांगतेय."

खाटेवरनं नानासाहेब उठले. "जनाबाई, काल काय ठरलं होतं?"

त्यांच्यासमोर ती कधी डोईवरचा पदर ढळू देत नसे, की दोन वाक्यांच्या वर बोलत नसे. आजही पदर जागेवरच होता. "नानासाहेब, याच्या तोंडचं काढून मला याचं तोंड उघडायचं नाही."

"उद्या गळा धरला तर मला हाका मारू नकोस."

"नाही मारणार."

"भरवशाच्या म्हशीला टोणगा," नानासाहेब काठी आपटत म्हणाले आणि चालू लागले. चहा यायचाच होता. त्यामुळं त्या दिवशी पणज्याची पागा राहूनच गेली.

उन्हं कलली तशी कट्टे भरून गाडी मंडीला गेली. मागं मोकळं शेत राहिलं आणि कडेला त्या चार ओळी, जत्रेत चुकलेल्या पोरांसारख्या. विनीता इंदूरहून परस्पर शेतावरच आली. दुकानातून सुट्टी घेऊन ती आज पलासियाला गेली होती आणि डॉक्टरीणबाईंना बाफल्यांपासून कडू चहापर्यंत सगळं सांगून आली होती.

"खूप बोलल्या का गं?" जनाबाईनं विचारलं.

"बोलल्या थोडं. मग पाणी दिलं प्यायला." विनीतानं चप्पल झाडली. "आईजी, त्या म्हणाल्या, ह्यांना घेऊन या. आपल्या मनानं दवा परत सुरू करू नका. पण या वेळी सांगून आणा. फसवून नाही."

"आणि नाही म्हणाला तर?"

"तर परत सांगायचं."

जनाबाई घरी गेली. पेटीतून गोळ्यांचा एक न फोडलेला पत्ता काढून पदरात बांधला आणि परत बांधावर आली. अंकुर गोवऱ्यांची राख काडीनं हलवत बसला होता. ती समोर बसली.

"विपुल नाराज झाला?" त्यानं विचारलं.

"तो होतच राहतो."

"डुकराशी तुलना केली त्यानं माझी."

"डुक्कर जास्त काढतं म्हणाला. बरोबरच आहे ते."

अंकुर हसला. हसणं ओसरायच्या आत बोललं नाही तर परत धीर होणार नाही, हे तिला कळत होतं. "अंकू, लायनी विपुल नव्हता काढत. मी सांगितलं होतं त्याला. तू उपाशी राहावास म्हणून."

तो राखेकडं बघत राहिला.

"मग तू माझ्याकडं जेवायला आला असतास. चहात झोपेची गोळी घालायची होती. परवा तुला ठाण्यावर न्यायचं होतं. साखळीला."

"चहात?"

"हो."

"अदरकवाला?"

ती चाचरली. तो थट्टा करतोय की कसं, हे तिला कळेना. कदाचित त्यालाही कळत नसावं. कुठूनसा टिटवीचा आवाज आला, तेव्हा अंकुरनं मान तिरपी करून कान दिला. टिटवीच आहे, अशी खात्री करून घेतल्यावर त्यानं मान सरळ केली. मग राखेतला एक बटाटा काडीनं बाहेर ओढला, या तळहातावरून त्या तळहातावर नाचवला आणि तिच्यापुढं धरला.

"खा. सकाळपासून तू पण काही खाल्लं नाही."

जनाबाईनं तो घेतला. आणि मनाला विचारायच्या आधीच तिच्या बोटांनी तो मधोमध फोडला, दोन्ही फोडी उजेडाकडं वळवल्या आणि ती आत बघायला लागली.

पिवळसर, पिठूळ, वाफाळता बटाटा होता. दुसरं काही नव्हतं.

मान वर केली तेव्हा अंकुर तिच्याकडंच बघत होता.

"बघितलंस?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. शाळासोबती भेटल्यासारखं काहीतरी होतं. "मी पण असंच बघतो. हात आपोआपच जातो, नाही?"

जनाबाईनं दोन्ही फोडी परत एकमेकींवर टेकवल्या.

"चल, आता बराबर," अंकुर म्हणाला.

"बराबर कसं रे," ती म्हणाली. "तू काही घातलं नव्हतंस. मी घातलं होतं."

तिनं पदराची गाठ सोडली आणि पत्ता दोघांच्या मध्ये मातीवर ठेवला. "ही ती गोळी. पत्ता फोडलेला नाही. मी खा म्हणत नाही. डॉक्टरीणबाईंनी तुला बोलावलंय, तेवढं सांगायला आले."

अंकुरनं पत्ता उचलला. एकेका गोळीवरून अंगठा फिरवला, मागचा कागद कुठं टोचलाय का ते तपासलं, मावळत्या उन्हात धरून बघितलं.

"हिनंच झोप यायची तर मला," तो हळू म्हणाला. "डोक्यातली ती लोकं पण गप्प व्हायची. मला वाटायचं, तुझ्या बाफल्यांनी बरं वाटतंय."

जनाबाई मातीकडं बघत राहिली. तिच्यावर ओरडायचं ज्यानं, तो तर ओरडत नव्हता. ते कामही तिलाच करायचं होतं.

"उद्या जाऊ पलासियाला," अंकुर म्हणाला. "पण विचारणार मी. हे काय आहे, कशाला आहे, कधीपर्यंत खायचं. तू मधे बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

"विनीता पण नाही."

"तिला तूच सांग बाबा."

"आणि आलू मी माझे बरोबर नेणार."

"ने."

त्यानं पत्ता शर्टाच्या खिशात घातला, खिशाचं बटण लावलं आणि वरून दोनदा चाचपलं. मग राख उकरली. एकच बटाटा उरला होता, निखाऱ्याच्या पोटातला, सर्वांत मोठा. तो त्यानं तिच्यापुढं सरकवला आणि मुद्दाम तोंड दुसरीकडं वळवलं. तिला बघायचं असेल तर बघू दे, अशा हिशोबानं.

जनाबाईनं तो उचलला. फोडला नाही. राखही झटकली नाही. सालीसकट तसाच तोंडात घातला आणि दात रोवले. आतली वाफ टाळूला लागली तसे डोळे पाण्यानं भरून आले. पण घास तिनं बाहेर काढला नाही.

अंकुरनं वळून बघितलं.

"अगं, फुंकून खा नं, आई," तो म्हणाला.