हातातून न खाणारं

दारातल्या मुक्या जिवांनी खाल्ल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही, हा नेम मी एकोणीस वर्षं पाळतेय. आमचा तबेला आहे. दादा घोडी वठणीवर आणतो, मी त्यांचं खाणंपिणं बघते. घोडी उजाडताच दाणा संपवतात, म्हणून नेम कधी जड गेला नाही. दादा म्हणायचा, हिचा उपास चहा निवायच्या आत सुटतो.

मग त्याने ते रानगाढव आणलं.

एका बड्या असामीला ते बग्गीला जुंपायचं होतं. घोडे काय, कुणीही जुंपतं, म्हणे. चार दिवसांत लगाम चढवून देतो, असा दादाने शब्द दिला. त्याच्या तबेल्यातून आजवर एकही जनावर न माणसाळता गेलं नव्हतं, आणि हे तो दिवसातून दोनदा तरी ऐकवायचा.

त्याची रीत साधी होती. पाणी ठेवायचं, पण गव्हाण रिकामी. चारा फक्त तळहातावर. ज्या दिवशी जनावर हातातून खातं, त्या दिवशी ते आपलं झालं. एखादं घोडं हट्टाला पेटलं तर तो मला हाक मारी. माझा आवाज मऊ आहे. मी कुजबुजले की घोडी मान खाली घालतात.

रानगाढवाने पहिल्या दिवशी खाल्लं नाही. मीही नाही. दुसऱ्या दिवशी दादाची पाठ वळल्यावर मी गुपचूप गव्हाणीत चारा टाकला. त्याने हुंगलासुद्धा नाही. उलट कुंपणाची एक फळी फोडली.

"गाढवापायी उपाशी मरशील," दादा म्हणाला. "लोक विचारतील, या दोघांत गाढव कोण?"

"तिघांत म्हण, दादा."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी तबेल्याच्या पायरीवर धर्मग्रंथ घेऊन बसले. रोज एक अध्याय, मोठ्याने. हा माझा दुसरा नेम. दादा बूट चढवत होता.

"देवाने सगळी जनावरं माणसाच्या हाती दिलीत," तो म्हणाला. "तूच वाचलं होतंस."

"ते सुरुवातीच्या पानांत आहे. तेवढं ऐकतोस आणि उठून जातोस."

"मग पुढे काय, परत घेतली?"

"पुढे एक माणूस देवाशी वाद घालतो. तेव्हा देव त्याला एकेक जनावर दाखवतो आणि विचारतो, हे ऐकतं का तुझं? त्यात रानगाढवही आहे. त्याचा दोर देवाने स्वतः सोडलाय, दादा. हाकणाऱ्याची आरोळी त्याच्या कानात शिरतच नाही."

"ग्रंथातलं गाढव वेगळं. उद्या तो माणूस येणार. माझं नाव जाईल गं." त्याचा आवाज उतरला. "तू एकदा बोल ना त्याच्याशी. तुझं ऐकेल."

आईवडिलांमागे त्याच्या नावावरच आम्ही दोघं जगलो होतो. मी मूठभर चारा घेतला आणि आत गेले.

ते भिंतीला पाठ लावून उभं होतं. फासळ्या मोजता येत होत्या. मी कुजबुजले, "ये राजा, ये." त्याचे कान वळले. नाकपुड्या थरथरल्या. मान वीतभर पुढे आली.

"शाबास," मागून दादा हळूच म्हणाला.

आणि मला माझ्याच आवाजाची लाज वाटली. तीन दिवसांच्या उपाशी जिवाला मी गोड बोलून फास लावत होते. रानगाढवाने माझ्या तळहाताचा वास घेतला, आणि मान फिरवली. पाय लटपटत होते, तरी फिरवली.

मी चारा टाकला आणि मागच्या फाटकाचा अडसर काढला.

"ए! वेड लागलंय का? त्या माणसाला काय सांगू उद्या?"

"सांग, बहिणीने सोडलं. पुन्हा आणलं तर पुन्हा सोडेल, हेही सांग. जरा मोठ्याने सांग, माझा आवाज लहान आहे."

तो फाटकाकडे धावला. मी मधे उभी राहिले. अंगात त्राण नव्हतं. त्याने नुसतं बाजूला सारलं असतं तरी पडले असते. त्याने सारलं नाही.

रानगाढव माझ्या खांद्याला घासून बाहेर पडलं. रस्ता ओलांडून उतारावर गेलं, थांबलं, आणि वाळक्या गवतात तोंड घातलं.

दादा डोळ्यांवर हात धरून बघत होता. "खातंय," तो नकळत बोलून गेला.

मी हात धुतले, ताट वाढून घेतलं. तो दारात येऊन उभा राहिला.

"माझा शब्द गेला."

"गेला," मी म्हणाले, आणि पहिला घास घेतला.