केसभर उलटा उतार

माझ्या पोटात बोटाएवढी काचेची नळी आहे. नळीत पिवळसर द्रव आहे आणि द्रवात एक बुडबुडा. जमीन जिकडे उंच, तिकडे बुडबुडा सरकतो. न्हाणीघराच्या फरशीला पाण्याच्या जाळीकडे थोडा उतार द्यायचा असतो, म्हणून तिथे बुडबुड्याने दाराच्या बाजूला सरकायला हवे. त्या मंगळवारी तो जाळीच्या बाजूला सरकला, केसभरच. मिस्त्रींनी वाकून पाहिले, डोळे चोळले, पुन्हा पाहिले आणि म्हणाले, "बरोबर आहे."

बरोबर नव्हते. मिस्त्रींवरचा माझा जुना संशय पुन्हा जागा झाला तो तेव्हा.

मित्रांनो, मी एक जुनी पाणसळ आहे. कामावर मला सगळे 'लेव्हल' म्हणतात. माझे अंग लाकडाचे आहे आणि दोन्ही टोकांना पितळेच्या पट्ट्या आहेत. मला प्रथम विकत घेतले ते आताच्या मिस्त्रींच्या वडिलांनी. तेही फरशी बसवायचे. "ही खोटं बोलत नाही," असे ते माझ्याबद्दल चारचौघांत सांगत, आणि मी फुगून जात असे.

पुढे त्यांच्यात काहीतरी बदलले. पाय फाकवून चालू लागले, बोलताना शब्द घसरू लागले. मला धरणारा हात थरथरू लागला. लोक त्यांना पाठीमागे 'झोकांडे मिस्त्री' म्हणत. "मी थेंबालाही शिवलो नाही," असे ते शपथेवर सांगत, आणि ऐकणारे एकमेकांकडे बघून हसत. मीही विश्वास ठेवला नाही. दुपारी भिंतीकडे तोंड करून ते खिशातून पांढरी गोळी काढत, हे मी पाहिले होते. मला वाटले, तीसुद्धा नशेचीच असणार. अखेर त्यांना कोणी काम देईना. मी पलंगाखाली धूळ खात पडले. चार वर्षांनी मुलाने मला बाहेर काढले, तेव्हा वडील राहिले नव्हते.

मुलगा उत्तम कारागीर निघाला. पण त्याला एकदा घरी फिट आली, डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, आणि त्या गोळ्यांची पट्टी त्याने माझ्या कापडी खोळीत लपवली. घरी बायकोला ठाऊक होते, कामावर कोणालाच नाही. फिटवाल्या माणसाला बांबूंच्या उंच परांचीवर कोण चढवणार, अशी त्याला भीती होती. पट्टी पाहून मी चरकले. त्याच पांढऱ्या गोळ्या. रोज मी त्याच्या हातावर लक्ष ठेवत होते. अकरा वर्षे हात हलला नाही. माझा संशय मात्र गेला नाही.

यंदा ओल्या सिमेंटमध्ये उभे राहून त्याच्या पायांच्या बोटांत चिखल्या झाल्या. मुकादमाने त्याला लंगडताना पाहिले. हा मुकादम तोंडाचा फाटका, पण मनाचा वाईट नाही.

"दाखव पाय. अरे, हे काय! चल, माझ्याकडे डॉक्टरांची चिठ्ठी आहे. मला त्याच गोळ्यांनी गुण आला."

औषधांच्या दुकानात मी पिशवीतून मिस्त्रींच्या खांद्यावर लटकत होते. दुकानदाराने पट्टी हातात धरूनच विचारले, "दुसरं कुठलं औषध चालू आहे का?"

मिस्त्रींनी मुकादमाकडे पाहिले. "नाही," ते म्हणाले.

खोळीत आता दोन पट्ट्या झाल्या. बारा दिवसांनी तो मंगळवार उजाडला.

बुधवारी नळ सोडून पाहिला, तर पाणी जाळी सोडून दाराकडे आले. मुकादमाने मला उचलले. "ही म्हातारी बिघडली असेल," असे म्हणून त्याने मला फरशीवर ठेवले, बुडबुडा पाहिला, मग माझी टोके उलटसुलट करून त्याच जागी पुन्हा ठेवले. पाणसळीची परीक्षा अशीच घेतात. फिरवल्यावर बुडबुडा दुसऱ्या बाजूला पळाला, तर पाणसळ खोटी. तो त्याच बाजूला राहिला, तर खालची जमीन खोटी.

बुडबुडा जाळीकडेच राहिला.

"लेव्हल खरी आहे," मुकादम सावकाश म्हणाला. "मिस्त्री, तोंड उघड."

"मुकादम, मी पीत नाही."

"तुझे वडीलही हेच म्हणायचे. की लेव्हलमधलं स्पिरिट चोरून पितोस?"

आजूबाजूचे हसले. मिस्त्रींनी उत्तर द्यायला जीभ हलवली, पण शब्द जड झाले होते. हसणे आणखी वाढले.

घरीही तेच. बायकोने सदरा हुंगला, मग पाण्याची बाटली हुंगली, शेवटी पिशवी जमिनीवर उपडी केली. थापी, ओळंबा, मी, माझी खोळ. खोळीतून दोन पट्ट्या घरंगळल्या.

"अहो, ही एक तुमची. ही दुसरी कुठली?"

"चिखल्यांची. मुकादमाने घेऊन दिली."

"तुमच्या फिटच्या डॉक्टरांना विचारलं होतं?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"दारू असती तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "निदान वास तरी आला असता."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सगळी पिशवीच फिटच्या दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवली. डॉक्टरबाईंनीही आधी विचारले, "किती घेता?" बायको म्हणाली, "काही नाही हो. मी स्वतः हुंगून आलेय." मग बाईंनी आपले बोट एका बाजूला नेले आणि मिस्त्रींना त्याच्याकडे बघायला सांगितले. मिस्त्रींची बुबुळे टोकाशी जाऊन थरथरू लागली. बाईंनी दोन्ही पट्ट्या वाचल्या, जुने कागद पाहिले आणि रक्त तपासायला पाठवले.

"फिटच्या गोळीचा डोस इतका कमी कसा?"

"पहिल्यांदा जास्त दिली होती. गरगरायला लागलं, म्हणून दोनदा कमी केली."

बाईंनी पेन खाली ठेवले. "असं बघा. गोळी पोटात गेली की यकृत तिचे तुकडे करून बाहेर काढतं. राडारोडा उचलणाऱ्या मजुरांसारखं. काही माणसांमध्ये या गोळीचा मजूर जन्मतःच हळू असतो. आईबापांकडूनच तसा मिळतो. त्यात तुमची चिखल्यांची गोळी त्याच मजुराला अडवून ठेवते. म्हणजे रोज गोळी आत येतेय आणि साफ काही होत नाहीये. रक्तात साठली की माणूस प्यायल्यासारखाच चालतो. घरात आणखी कोणी असं होतं का?"

मिस्त्रींनी मला टेबलावरून उचलले.

"बाबा," ते म्हणाले. "त्यांनाही फिटची गोळी होती. सगळे त्यांना दारुडा म्हणायचे. मीसुद्धा."

मित्रांनो, मला घाम येत नाही, पण त्या क्षणी माझे लाकूड ओले झाल्यासारखे वाटले. बावीस वर्षे मी त्या माणसाच्या हातात होते. जमिनीचा केसभर उतार मी ओळखला, आणि ज्या हाताने मला धरले होते त्यावर शेवटपर्यंत संशय घेतला.

"वडिलांचं मी आता तपासू शकत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण तुमचं तपासता येईल. चिखल्यांची गोळी आजपासून बंद, त्याऐवजी मलम. फिटची गोळी मात्र मनाने सोडायची नाही. रक्ताचा रिपोर्ट आला की तिचं काय करायचं ते मी सांगते. आणि उंचावर चढायचं नाही. कामावर सांगितलंय का?"

"सांगतो," मिस्त्री म्हणाले.

"अकरा वर्षं हेच म्हणताहेत," बायको म्हणाली.

रिपोर्टमध्ये औषध हवे त्याच्या जवळजवळ दुप्पट निघाले. बाईंनी दोन दिवस फिटचीही गोळी थांबवायला सांगितली, मग पुन्हा मोजून सुरू केली. मिस्त्री दोन आठवडे घरी होते. हात हळूहळू स्थिर झाला. परत गेल्यावर त्यांनी न्हाणीघराची फरशी उखडली आणि नव्याने बसवली. माझा बुडबुडा दाराकडे केसभर सरकला, जसा हवा तसा. मुकादमाने नळ सोडला. पाणी मुकाट्याने जाळीत गेले.

"दारू सुटली ना?" मुकादमाने विचारले.

मिस्त्रींनी नळ बंद केला. "सुटली," ते म्हणाले.

मला धक्काच बसला. दारूचा आळ लोक माफ करतात, आजार मात्र करत नाहीत, असा त्यांचा हिशेब होता. न प्यायलेली दारू त्यांनी सोडली आणि सगळे खूश झाले. बायकोने संध्याकाळी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "बघू, पुढच्या आठवड्यात."

मित्रांनो, माझे आता फार दिवस राहिलेले नाहीत. नळीच्या टोकाला बारीक चीर गेली आहे. तोपर्यंत एवढे ऐका. कोणी डुलताना दिसले, तर हसण्याआधी त्याला एकदा फिरवून बघा, मला फिरवले तसे. आणि औषध देणाऱ्याने "दुसरं काय चालू आहे?" असे विचारले, तर शेजारी कोण उभे आहे ते पाहू नका. सगळी नावे सांगा.

शनिवारी मुकादम सोमवारची कामे वाटत होता. चौथ्या मजल्याच्या बाहेरच्या भिंतीला फरशी लावायची होती.

"मिस्त्री, तू परांचीवर. आता तुझ्यावर भरवसा आहे."

मिस्त्रींनी मला खोळीतून काढले, उगाच पुसले आणि गोळ्यांच्या पट्टीसकट मुकादमाच्या पुढ्यात ठेवले.

"काय रे हे? पुन्हा बिघडली?"

"नाही. ही खरी आहे, खोटं मी बोललो. मी कधीच पीत नव्हतो, मुकादम, आणि माझे बाबाही नव्हते." त्यांनी पट्टी मुकादमाकडे सरकवली, हात हलला नाही. "मला फिट येतात. अकरा वर्षं गोळी चालू आहे. ठेवायचं तर जमिनीवरच्या कामाला ठेवा. परांचीवर मी चढणार नाही."