विहीणबाई जातीची कबुतरं

शर्यतीच्या कबुतरांचा नाद असलेल्या माणसापुढे 'विहीणबाई' म्हणा, त्याला लग्नातले रुसवेफुगवे आठवणार नाहीत. त्याच्या डोळ्यांपुढे येईल ते फिकट राखी रंगाचं, रुंद छातीचं, वारा अंगावर आला तरी खाली न उतरणारं कबूतर. समुद्रापलीकडचे लोकही हे नाव घेतात, आपापल्या जिभेला जमेल तसं वाकवून. नाव कसं पडलं हे सांगायचं, तर सुरुवात बेकरीवाल्यांपासून करायला हवी. दुसऱ्या कुणापासून केलेली त्यांना खपतही नसे.

त्यांच्या कबुतरांची ढाबळ बेकरीच्या गच्चीवर, भट्टीच्या धुराड्याला टेकून होती. उबेत वाढलेली ती कबुतरं जवळच्या शर्यतीत बंदुकीच्या गोळीसारखी येत. लांबच्या शर्यतीत मात्र वाटेत कुणाच्या तरी अंगणात दाणे टिपत बसत आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यासारखी सावकाश उगवत. समोरच्या घरात चष्मेवाले राहत. खाली दुकान, वर ढाबळ. त्यांची कबुतरं धुकं, वादळ, काही आलं तरी घरी पोचायचीच. फक्त ती पोचेपर्यंत बक्षीस वाटून लोक जेवायला बसलेले असत.

एकदा कबुतरवाल्यांच्या क्लबात चष्मेवाल्यांनी बेकरीवाल्यांच्या लाडक्या मादीच्या डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाले, "डोळा नामी आहे. आता मागे डोकंही असतं तर..." लोक हसले. तेव्हापासून दोघांची बोलचाल बंद. बेकरीवाले चष्मासुद्धा दुसऱ्या पेठेतून करून आणू लागले. तो कधी धड बसला नाही. सदा नाकाच्या शेंड्यावर. पण चष्म्यासाठी नाक खाली घालतील तर ते बेकरीवाले कसले!

ती लाडकी मादी म्हणजे भुरी. पीठ उडाल्यासारखा रंग, म्हणून भुरी. एका शर्यतीतून ती परतलीच नाही. दोन दिवस बेकरीवाल्यांची नजर आभाळावरून हटेना. तिसऱ्या दिवशी चष्मेवाल्यांची बायको बेकरीत आली. हातात झाकलेली टोपली.

"तुमची लेक आमच्याकडे मुक्कामाला आली होती," ती बेकरीवाल्यांच्या बायकोला म्हणाली. "घ्या बाई, पोचवून जाते."

बेकरीवाल्यांनी टोपली घेतली. भुरीला आठवडाभर कोंडलं, उत्तमातले उत्तम दाणे घातले. दार उघडताच ती गल्ली ओलांडून सरळ समोरच्या गच्चीवर गेली, वळूनसुद्धा पाहिलं नाही. पुन्हा टोपली आली. पुन्हा भुरी गेली. चौथ्यांदा टोपली आली तेव्हा बेकरीवाले गच्चीवर पिठाच्या गोणीआडून समोर टक लावून बसले होते. एवढं त्या घरात आहे तरी काय ते बघायला. बघितलं आणि कपाळाला हात लावला. चष्मेवाल्यांकडे एक जुना, मळकट, मान आखडलेला नर होता. त्याच्या शेजारी भुरीच्या चोचीतल्या काड्यांनी घरटंही रचून झालं होतं.

"त्या म्हाताऱ्यात काय पाहिलं हिनं?" ते बायकोवर खेकसले.

"मला काय विचारता? माझ्या बापानंही माझ्या आईला हेच विचारलं होतं," बायको म्हणाली. "पोरीनं स्वतःचं ठरवलंय. आता मुलीच्या बापासारखं जा आणि बोलणी करून या."

गेले. दारातच म्हणाले, "पिल्लं आमची. मादी आमची आहे."

"आणि नर काय भाड्यानं आणलाय?" चष्मेवाले शांतपणे म्हणाले. "बसा. चष्मा घसरतोय तुमचा."

पिल्लं दोन निघाली. एकेक वाटून घ्यायचं ठरलं. चष्मेवाल्यांनी भिंग लावून अर्धा तास डोळे तपासले आणि एक उचललं. बेकरीवाल्यांनी वजनदार बघून दुसरं उचललं. दोघंही मनातल्या मनात म्हणाले, फसवला बेट्याला. इकडे माजघरात दोघी बायका चहा पीत होत्या आणि एकमेकींना 'विहीणबाई' म्हणून खिदळत होत्या.

पुढच्या हंगामात डोंगरापलीकडून सुटणारी सगळ्यात लांबची शर्यत आली. त्या दिवशी समोरून असा वारा होता की दोरीवरचे कपडे आडवे झाले होते. बेकरीवाले आपल्या गच्चीवर, चष्मेवाले आपल्या. दुपार गेली, ऊन कललं. गावात एकाचंही कबूतर आलं नव्हतं. मग डोंगराच्या अंगाला दोन ठिपके दिसले. दोन्ही भावंडं जोडीनं आली, गल्लीवर एक घिरटी घेतली आणि दोन्ही बेकरीच्या उबदार धुराड्यापाशी उतरली!

कबुतराच्या पायातली रबरी कडी काढून आपल्या गच्चीवरच्या शर्यतीच्या घड्याळात टाकली की वेळ नोंदली जाते, आणि ज्याची कडी आधी पडेल तो जिंकतो. बेकरीवाल्यांचं घड्याळ हाताशी होतं, पिल्लू वीतभर अंतरावर. समोर चष्मेवाले कठड्याला धरून नुसते उभे होते. आपलं पिल्लू दुसऱ्याच्या गच्चीवर. हाक मारावी, तर तोंड कुठे होतं हाक मारायला?

बेकरीवाल्यांनी दोन्ही पिल्लांवर नजर टाकली. आणि गल्ली दणाणेल अशा आवाजात ओरडले, "अहो चष्मेवाले! पुतळा झालात का? या, न्या तुमचं लेकरू!"

चष्मेवाले धावले. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. जिना चढले, कडी काढली, जिना उतरले, गल्ली ओलांडली, पुन्हा जिना चढले आणि कडी घड्याळात टाकली. हे सगळं बेकरीवाले कठड्यावर वाकून, पोट धरून हसत बघत होते.

"आणि तुमची कडी?" मागून बायकोनं विचारलं.

बेकरीवाले दचकले. "विसरलोच की!"

बायकोनंच पिल्लाच्या पायातली कडी काढून घड्याळात टाकली. एवढ्या वर्षांत या माणसानं भट्टीतला एक पाव विसरून करपवला नव्हता.

चष्मेवाले पहिले, बेकरीवाले दुसरे. बाकीची कबुतरं दुसऱ्या दिवशी आली. क्लबचे चिटणीस दोघांच्या देखत कबुतरांची जात लिहून घ्यायला बेकरीवाल्यांच्या घरी आले, तेव्हा बेकरीवाले म्हणाले, "लिहा, बेकरीवाली." चष्मेवाले म्हणाले, "चष्मेवाली." दोघं हमरीतुमरीवर आले. आतून आवाज आला, "विहीणबाई, साखर कुठे ठेवलीय?" कंटाळलेल्या चिटणिसांनी तेच लिहिलं आणि ते चहाकडे वळले. दुरुस्ती करायला दोघंही चारदा क्लबात गेले. पण तोवर त्या पिल्लांची पिल्लं गावोगावी जिंकू लागली होती आणि नाव हाताबाहेर गेलं होतं.

वर्षं गेली. लांबून मोठमोठे शौकीन येत, जोड्या नेत, या जातीचं गुपित विचारत. "वेग आमच्याकडचा," बेकरीवाले सांगत. "घरी येण्याची अक्कल आमच्याकडची," चष्मेवाले सांगत. पाहुणे गेले की भांडण पुढे चालू.

मग चष्मेवाल्यांची नजर गेली. गावाला डोळे देणाऱ्या माणसाला डॉक्टर काही देऊ शकले नाहीत. शर्यतीच्या दिवशी बेकरीवाले आपली गच्ची बायकोच्या हवाली करून समोर जाऊन बसू लागले. आभाळ बघायचे आणि काय दिसतं ते सांगायचे. ढगाचा रंगसुद्धा सोडत नसत.

एका शर्यतीत एक कबूतर वाऱ्यावर घसरत आलं आणि पलीकडे बेकरीच्या गच्चीवर उतरलं.

"आलं हो, व्याही!" बेकरीवाले ओरडले. "तुमचंच पहिलं!"

चष्मेवाल्यांनी मान तिरकी केली. "पंखांचा आवाज तिकडे थांबला. तुमचं आहे ते. आंधळ्याला फसवता?"

"आवाजावर काय जाता? मी डोळ्यांनी बघतोय ना."

"त्या चष्म्यातून?" चष्मेवाले म्हणाले. "आधी इकडे आणा तो. इतकी वर्षं त्याची दांडी वाकडी आहे, बघवत नव्हतं मला."

बेकरीवाल्यांनी चष्मा काढून त्यांच्या हातात दिला. चष्मेवाल्यांनी बोटांनी चाचपत दांडी हळूच वाकवली, काच सदऱ्याला पुसली आणि तो स्वतः बेकरीवाल्यांच्या नाकावर चढवला. पलीकडच्या गच्चीवरून बायको 'कडी टाकू का?' म्हणून हाका मारत होती. बेकरीवाल्यांनी तिला हातानंच 'थांब' म्हणून सांगितलं आणि आभाळाकडे बघितलं.

"आता नीट दिसतंय," ते म्हणाले. "दुसरं येतंय. हे मात्र खरंच तुमचं."