लोकरीची बाहुली

कासऱ्याचा पहिला फटका ज्ञानाच्या पोटरीवर बसला, तेव्हा त्याचा काका अजिनाथ पोळ्यासाठी बैलाची शिंगं गुलाबी रंगवत होता. त्याच्या हातातला कुंचला थबकला. रंगाचा एक ओघळ बैलाच्या कपाळावर उतरला.

"कुनी दिली ही?" कानिफनाथनं लेकाच्या डोळ्यांपुढं बाहुली नाचवली. वीतभर उंचीची, गुलाबी लोकरीच्या वेण्या घातलेली. "पोरगा हायेस का पोरगी? बोल!"

सात वर्षांच्या ज्ञानानं ओठ घट्ट मिटले. दुसरा फटका पाठीवर बसला, तिसरा कानावर.

बाहुली अजिनाथनंच शिवली होती. बैलांसाठी त्यानं केलेले गोंडे तिसगावच्या बाजारापर्यंत नावाजलेले; वशिंडावर ते डौलानं झुलत, तेव्हा कुणाही गड्याला त्यात वावगं दिसत नसे. उरलेली लोकर आणि झुलीच्या चिंध्या घेऊन, भर दुपारी कडब्याच्या गंजीआड बसून त्यानं ती बेतली होती, कारण पुतण्यानं मागितली होती. "कुनाला सांगू नको," एवढंच तो म्हणाला होता. पोर शब्द पाळत होतं.

रविवारी मिरजगावचे पाहुणे अजिनाथला पाहायला यायचे होते. पस्तिशीला टेकलेल्या धाकट्या भावासाठी कानिफनाथनं वर्षभर जोडे झिजवून आणलेलं हे तिसरं स्थळ, आणि बहुधा शेवटचं. आधीची दोन मोडली, ती 'नवरदेव बायकांत बसून शिवतो' एवढ्या कुजबुजीवर.

चुलीपासून अश्विनी धावत आली.

"अवो, जीव जाईल लेकराचा!"

कानिफनाथनं तिला कोपरानं ढकललं. ती गव्हाणीच्या कडेवर आदळली आणि तिचं कपाळ फुटलं. पदर जखमेवर दाबून ती तिथंच बसली. तिनं नवऱ्याकडे नाही, दिराकडे पाहिलं. बाहुली कुणी शिवली, हे तिला ठाऊक होतं.

"भावजी," ती म्हणाली.

अजिनाथनं कुंचला पुन्हा रंगात बुडवला.

"घरात एक बाईल्या हाय, त्यो बास न्हाई व्हय?" कानिफनाथ भावाकडे बघत गरजला, आणि कासरा पुन्हा पोरावर कोसळला. "आज बाहुली, उद्या बांगड्या भरशील! सांग, कुनी दिली?"

ज्ञानाच्या ओठातून रक्त आलं. ते त्यानं जिभेनं टिपलं. एकदाच काकाकडे पाहिलं.

"शेजारच्या मोनिकाची हाय," तो म्हणाला. "हिसकावून आनली."

"हिसकावून?"

"व्हय. देत न्हवती. मंग म्या लई मारलं तिला."

कासरा खाली आला. कानिफनाथचा चेहरा सैलावला. मिशीच्या आड हसू फुटलं.

"मारलं व्हय! मंग आदी सांगायचं न्हाई का, गाढवा? मला वाटलं, तू खेळतूस." त्यानं लेकाच्या केसांवरून हात फिरवला. त्या हाताला खरीच माया होती. "घे. आता तूच मोड."

ज्ञानानं बाहुली घेतली. क्षणभर त्याचा तळवा, तान्ह्या बाळाला धरावं तसा, तिच्या मानेखाली गेला. मग त्यानं एक वेणी उपटली. दुसरी उपटली. मान पिरगळली. बाप मांडीवर थाप मारून हसला आणि दुसऱ्या बैलाची वेसण बघायला वळला.

पोर थांबलं नाही. आतल्या चिंध्या बाहेर आल्या, त्या त्यानं दगडानं ठेचल्या. दातओठ खात, घाव मोजल्यासारखा ठेचत राहिला. मातीत ठेचण्याजोगं काही उरलं नाही, तरी दगड खाली येतच होता.

"बास, ज्ञाना," अजिनाथ म्हणाला.

एवढ्या वेळात त्याच्या तोंडून निघालेला तो पहिलाच शब्द.

ज्ञानानं मान वर केली. त्याचे डोळे कोरडे होते.

"का?" त्यानं मोठ्यानं विचारलं. "तुमची हाय का, काका?"

कानिफनाथनं वळून पाहिलं.