पंचवीसपैकी चोवीस

पहिली गाय गल्लीत शिरली, पण तिच्या खुरांचा आवाज आला नाही.

मुकादम नेहमीच्या जागी कठड्याला धरून उभा होता. दूध काढून झालं की गाई या अरुंद गल्लीतून एकेक करून बाहेर पडत. कोणती लंगडते, कोणती पाय चोरते, हे तिथं उभं राहून हेरायचं, हे त्याचं एकतीस वर्षांचं काम. आज त्यानं मान पुढे केली, श्वास रोखून धरला. दुसरी गाय गेली, तिसरी गेली. सिमेंटवर टपटप वाजायला हवं होतं, तिथं ओल्या फडक्यानं फरशी पुसावी तशी नुसती फसफस.

काल रविवारी गल्लीभर रबरी गाद्या अंथरल्या होत्या. सिमेंटनं तळवे झिजतात, असं खुरं तासणाऱ्यानं मालकांना सांगितलं आणि मालकांनी ते ऐकलं. गाईंच्या जिवाला बरं वाटावं अशीच गोष्ट. मुकादमानं स्वतः हात लावून चार गाद्या बसवल्या होत्या. आपण काय बसवतोय, हे तेव्हा त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

गेलं दीड वर्ष तो गाई बघत नव्हता, ऐकत होता. डोळ्यांचा पडदा मधोमध झिजत चालला होता. समोर बघितलं की मधे धुरकट डाग, त्याच्या कडेकडेनं दिसेल तेवढं दिसे. अंगावरचे मोठे ठिपके, शिंगांची ठेवण, पोटाचा घेर यांवरून तो चौऱ्याऐंशी गाई ओळखे. पण कोणता पाय जरासा उशिरा टेकतोय, हे त्याला दिसत नसे. ते कान सांगत. तीन पाय खणखणीत आणि चौथा दबका वाजला, की गाय बिघडली. चष्म्यानं जाण्यासारखं हे नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं. ही गोष्ट त्याला आणि त्याच्या बायकोला, दोघांनाच ठाऊक होती.

"मांजरासारखं डोळे मिटून दूध पिताय," बायको म्हणे. "एक दिवस कुणीतरी पाठीत काठी घालेल."

"माझं मी बघतो," तो म्हणे, आणि मग दोघंही त्या शब्दावर गप्प होत.

शेवटची गाय गेली. मुकादम दूधघराशेजारच्या खोलीत गेला. तिथं जनावरांची डॉक्टरबाई वही उघडून बसली होती.

वयानं ती त्याच्या मुलीएवढी. तीन आठवड्यांपूर्वी मालकांनी एक कॅमेरा महिन्याभराच्या चाचणीसाठी आणला होता. तो गल्लीच्या टोकाला, गुडघ्याच्या उंचीवर, जाळीमागे बसवला होता. तो अंगातली उष्णता टिपायचा. खुराच्या वरची कड आतून सुजली असेल, तर गाय लंगडायच्या आधीच ती या खोलीतल्या पडद्यावर पांढरीफटक दिसायची, बाकीचा पाय निळा-पिवळा. कॅमेरा चालवणं डॉक्टरबाईचं काम. मालकांची अट एकच होती. रोज आधी मुकादमानं तोंडी यादी द्यायची, डॉक्टरबाईनं ती लिहून घ्यायची आणि मगच पडदा उघडायचा. महिनाअखेर दोन्ही याद्या त्यांच्यासमोर ठेवायच्या, मग कॅमेरा घ्यायचा की नाही ते ते ठरवणार. पहिल्या तीन आठवड्यांत कॅमेऱ्यानं सोळा गाई पकडल्या होत्या. त्यांतल्या पंधरा मुकादमानं न बघता, नुसत्या ऐकून सांगितल्या होत्या.

"बोला काका," डॉक्टरबाई म्हणाली.

"बारा," तो म्हणाला. मग थांबला. "एकोणसाठ. बस."

"मास्तरीण? मघाशी ती मागे रेंगाळली होती."

शेहेचाळीस नंबरच्या गाईला सगळे मास्तरीण म्हणत. मान ताठ, चाल मोजकी, दुसरीनं धक्का दिला तर वळून अशी बघायची की धक्का देणारी वर्गाबाहेर जाऊन उभी राहावी.

"तिला काय झालंय. चांगली चालते."

डॉक्टरबाईनं लिहून घेतलं. मग तिनं पडदा उघडला आणि ती यादीवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवू लागली. मुकादम दाराच्या चौकटीवरून अंगठा फिरवत उभा राहिला.

मंगळवारी त्यानं गल्लीच्या अगदी टोकाला, जिथं रबर संपून दोन हात सिमेंट उरलं होतं, तिथं उभं राहून पाहिलं. पण बाहेर पडताना गाई घाई करतात, एकमेकींच्या अंगावर येतात, सगळे आवाज एकात एक मिसळतात. त्यानं तीन नंबर अंदाजानं सांगितले. मास्तरीण त्यात नव्हती.

बुधवारी तो खोलीत आला तेव्हा डॉक्टरबाईनं कॅमेरा पुसायला जाळीमागून काढून आणला होता. तो टेबलावर होता, वायर पडद्याला जोडलेली.

"यादी नंतर," ती म्हणाली. "आधी हे बघा. हा कोणता पाय असेल, मला नीट कळेना."

मुकादमानं पडद्याकडे तोंड केलं आणि सवयीप्रमाणे मान जराशी तिरकी केली. निळ्यात एक पांढरा गोळा होता.

"मागचा डावा," तो म्हणाला. "बाहेरचं खूर. तापलंय चांगलंच."

डॉक्टरबाई उठली. तिनं पुढे होऊन कॅमेऱ्यासमोरची वस्तू उचलली. पडद्यावरचा पांढरा गोळा नाहीसा झाला.

"हा माझा चहाचा कप होता, काका."

मुकादम खाली बसला. खुर्ची कुठे आहे ते त्यानं आधी हातानं चाचपलं, आता लपवायचं कशाला म्हणून. बाहेर दुधाच्या टाकीची मोटर सुरू झाली आणि बंद पडली.

"किती दिवस?"

"दीड वर्ष."

"मालकांना?"

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "गल्ली वाजत होती तोवर माझं चुकत नव्हतं. तुम्हीच लिहिलंय. सोळातल्या पंधरा."

"ते मी कुठे नाही म्हणतेय." तिनं वही मिटली, उघडली. "मास्तरीणचा पाय सोमवारपासून तापलाय. तुमच्या तोंडून तिचं नाव आल्याशिवाय मला पुढचं काही करायचं नव्हतं. मी वाट बघत बसले. चूक माझीही आहे."

मास्तरीणचं नाव निघताच मुकादमानं दोन्ही तळहात गुडघ्यांवर दाबले. दोन दिवस त्यानं तिला बाकीच्यांबरोबर पार लांबच्या कुरणात हाकललं होतं. येताना ती मागे रेंगाळली, तर त्यानं पाठीवर थापही मारली होती.

"तिला आज गवताच्या आवारात बांधा," तो म्हणाला. "रविवारी खुरं तासणारा येईल, पहिली तीच."

"बांधलीय." डॉक्टरबाईनं वहीतली दोन पानं, सोमवारची आणि मंगळवारची, सावकाश फाडली. "हे बघा काका. शनिवारी महिना भरतो. मालक कॅमेरा घेणार, हे उघड आहे. एकदा तो कायमचा बसला की गाईंना कोण बघतं याला काही अर्थ उरत नाही, कॅमेरा बघेलच. तोवर तुमची यादी मी लिहिते. त्यात कुणाचं काही बिघडत नाही. तुम्ही मानानं बाजूला व्हा, एवढंच."

मुकादम उठला. त्यानं टोपी नीट केली. दारातून बाहेर पडताना म्हणाला, "एखादी माझी चुकलेली पण असू द्या. सगळ्याच बरोबर बऱ्या दिसत नाहीत."

"एक आधीची आहेच," ती म्हणाली.

शनिवारी मालकांनी दोघांना माडीवरच्या कचेरीत बोलावलं. मालक आणि मुकादम एकाच वयाचे. एकाच ओढ्यात पोहायला शिकलेले, आणि एकाच बैलानं दोघांना वेगवेगळ्या दिवशी शिंगावर घेतलेलं. मालकांनी दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या, पेन्सिलीचं टोक एकेका ओळीवर टेकवत शेवटपर्यंत गेले. पुन्हा वरून सुरुवात केली. खोलीत पंख्याखाली कागद फडफडत होते.

"पंचवीसपैकी चोवीस," मालक म्हणाले.

डॉक्टरबाई टेबलाच्या कडेकडे बघत होती.

"पंचवीसपैकी चोवीस," त्यांनी पुन्हा म्हटलं, आणि त्यांच्या आवाजात हसू आलं. "आणि मी वेड्यासारखा कंपनीच्या माणसाला सोमवारी बोलावून बसलोय. यंत्रानं जे करायचं ते माझा माणूस उघड्या डोळ्यांनी करतो, मग मी यंत्र कशाला घेऊ? सोमवारी तो आला की कॅमेरा काढून द्या त्याच्याकडे."



"मालक," डॉक्टरबाई म्हणाली, "कॅमेरा लंगडायच्या आधी सांगतो. तो फरक फार मोठा—"

"फरक एका गाईचा आहे, बाई. तुम्हीच लिहिलाय." मालक अजून हसत होते. "तुमच्या अक्षरात आहे सगळं."

करायला गेलो एक आणि झालं भलतंच, हे मुकादमाला कळायला वेळ लागला नाही. डॉक्टरबाईचा श्वास बदललेला त्याला ऐकू आला. ती आता बोलणार होती. बोलली असती, तर वहीची फाडलेली पानं निघाली असती, आणि खोटी नोंद करणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरला कुठल्याच गोठ्यानं दारात उभं केलं नसतं. ती गप्प बसली असती, तर सोमवारपासून चौऱ्याऐंशी गाई, मुकी गल्ली आणि तो.

"कॅमेरा ठेवा, मालक," मुकादम म्हणाला.

"का रे?"

"यादी माझी नाही." त्यानं टोपी काढून हातात घेतली. "डॉक्टरबाई दूधघरात हात धुवायला जायच्या, तेवढ्यात मी आत जाऊन पडदा उघडून बघून घ्यायचो. कुणाचा पाय पांढरा दिसतोय ते बघायचो आणि तेच नंबर सांगायचो."

डॉक्टरबाईनं मान वर केली. "काका—"

"त्यांना ह्यातलं काही माहीत नाही," तो मधेच म्हणाला.

मालकांची पेन्सिल टेबलावरून घरंगळत गेली आणि खाली पडली. कुणी उचलली नाही.

"शेवटच्या आठवड्यात बघितलंस?" मालकांनी विचारलं. त्यांचा आवाज आता अगदी साधा होता. "की पहिल्यापासून?"

मुकादमाच्या बोटांत टोपीची कड आली. तिची शिवण सुटली होती, ती तो नखानं दाबत राहिला. नुसता शेवटचा आठवडा म्हटलं, तर आधीचे तीन उरत होते. सोळातल्या पंधरा. मालकांना कॅमेरा परत पाठवायला तेवढ्या पुरेशा होत्या.

"पहिल्यापासून," तो म्हणाला.

मालक उठून खिडकीशी गेले.

"सोमवारपासून गल्लीत उभा राहू नकोस," ते शेवटी म्हणाले. "वासरांच्या गोठ्यात जा. बाई, कॅमेरा राहू द्या. कागद करून ठेवा."

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर डॉक्टरबाईनं त्याला गाठलं.

"त्या पंधरा तुमच्या होत्या," ती म्हणाली. तिचा आवाज दबलेला होता, पण आत राग होता, नेमका कुणावर ते तिलाच ठरवता येत नव्हतं. "एकतीस वर्षांवर पाणी सोडलंत. का?"

"कॅमेरा राहिला ना."

"आणि मी काय करायचं? हे असं गिळून बसायचं?"

"बसा," मुकादम म्हणाला. "सवय होते."

तो चालू लागला. मागे तिची पावलं मात्र आली नाहीत. ती काही वेळ पायरीवरच होती. मग जिना वर वाजत गेला, सावकाश, आणि वरचं दार उघडून बंद झालं.

त्या दिवशी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. काठी बसलीच शेवटी, असं काही ती म्हणाली नाही. "वासरांचा गोठा उन्हात आहे, टोपी शिवून देते," एवढंच म्हणाली आणि सुई हातात घेतली. दोरा मात्र तिलाही दोनदा चुकला.

रविवारी खुरं तासणारा आला. मास्तरीणला लोखंडी चौकटीत उभी केली, पोटाखालून पट्टा घेतला, मागचा डावा पाय वर बांधला. मुकादमानं तो घट्ट धरला. आज त्याचं इथं काम नव्हतं, पण जा असं कुणी म्हटलं नाही. बाहेरच्या खुरावर पातं फिरलं, एक पापुद्रा निघाला, दुसरा निघाला, आणि आतून काळपट पू पिचकारीसारखा उडाला. मास्तरीणच्या सबंध अंगातून एक थरथर गेली आणि मग पाय त्याच्या हातात सैल पडला.

"आणखी दोन दिवस गेले असते, तर हाडापर्यंत पोचलं असतं," खुरं तासणारा म्हणाला. जखम धुतली, औषध भरलं, चांगल्या खुराखाली लाकडी ठोकळा चिकटवला. मग पुढच्या गाईसाठी हत्यारं धुवायला तो नळाकडे गेला.

मालक केव्हा येऊन उभे राहिले, ते मुकादमाला कळलं नाही. तंबाखूचा ओळखीचा वास आला, तेव्हा त्यानं मान वळवली. मालकांनीच पुढे होऊन पट्टा सोडला, चौकटीची कडी काढली. त्यांच्या हाताला आता या कामाची सवय राहिली नव्हती, कडी दोनदा अडकली.

"डॉक्टरबाई उद्या येणार आहेत," ते म्हणाले. "कॅमेरा त्याच बघतील."

मुकादमानं मान डोलावली. त्यांच्याबद्दल आणखी काही विचारावं की नाही, हे त्याला ठरवता येईना. "काल त्या जिना चढून परत माझ्याकडे आल्या होत्या," मालक म्हणाले.

मास्तरीण चौकटीतून बाहेर निघाली. आवारात सगळीकडे गवत पसरलेलं होतं. दोघं कठड्याला टेकून, एकतीस वर्षं उभे राहात आले होते तसे, ती गेली त्या दिशेला तोंड करून उभे राहिले.

"कसा टाकते पाय?" मालकांनी सवयीनं विचारलं.

मुकादमानं मान तिरकी केली. गवतावर खूर वाजलं नाही. पलीकडे नळाचं पाणी बादलीत पडत होतं.

मालकांनी घसा खाकरला आणि ते त्याच्या जरा जवळ सरकले.

"जपून टाकतेय," ते हळूच म्हणाले. "आधी टोक टेकवते, मग थांबते. आता टेकवला. आता दुसरा. मान अजून खाली आहे... नाही, केली वर. आता इकडेच बघतेय."