मी चार पायांवर कधीच चालले नाही

मित्रांनो, मी पेंढा भरलेली एक जुनी सिफाका आहे. नाव ऐकून तोंड वाकडं करू नका. आणि पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते: मी माकड नाही. गेली दीडशे वर्षं माणसं माझ्यासमोर उभी राहून "माकड, माकड" करतात आणि दर वेळी मला तितकीच शिसारी येते.

मी लेमूर. माझं घर मादागास्कर बेटावर, वायव्येकडच्या कोरड्या रानात. आमच्या कुळाला शास्त्रज्ञ इंड्रीकुल म्हणतात आणि त्यात तीन घराणी आहेत. इंड्री अंगाने सगळ्यांत मोठी. तिची शेपूट म्हणजे नुसता गोंडा, पण सकाळी सूर लावला की अख्खं रान ऐकतं. अवाही लोकरीसारख्या केसांची. ती दिवसभर झोपते आणि रात्री पानं खाते. उरलो आम्ही सिफाका. आम्हा सगळ्यांचे पाय हातांपेक्षा बरेच लांब असतात, कारण आमचं जगणं उडीवर चालतं. उभ्या खोडाला मिठी मारून बसायचं, पाय झाडायचे, हवेतच अंग वळवायचं आणि आठ-नऊ मीटरवरच्या दुसऱ्या खोडाला जाऊन चिकटायचं. जमिनीवर उतरावं लागलंच तर हात वर धरून, दोन पायांवर, आडव्या उड्या मारत जायचं. चार पायांवर आम्ही चालत नाही. एवढं लक्षात ठेवा, कारण माझं सगळं दुःख त्यात आहे.

आम्ही स्वच्छतेच्याही मोठ्या भोक्त्या. खालचे पुढचे चार दात देवाने आम्हाला कंगव्यासारखे दिले आहेत. दुपारी फांदीवर बसून आम्ही एकमेकींचे केस विंचरायचो. घरात चालायचं ते बायकांचं. चांगली कोवळी पानं आधी माझ्या वाट्याला यायची, पुरुषमंडळी मागे थांबायची. त्या वर्षी माझ्या पाठीवर एक पिल्लू होतं. मग गोळी आली. पिल्लाचं पुढे काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही.

माझं कातडं मिठाच्या पिंपातून नेदरलँड्सला आलं. ज्याने माझ्यात पेंढा भरला, त्याने जिवंत सिफाका जन्मात पाहिली नव्हती. त्याचा धंदा म्हणजे श्रीमंत बायकांची मेलेली लाडकी कुत्री टिकवून द्यायची. हात बसलेला होता, त्यामुळे त्याने माझंही कुत्रं केलं. कातड्याला कीड लागू नये म्हणून आतून सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष फासलं, पायांत तारा खुपसल्या आणि एका लांब फळीवर मला चार पायांवर उभं केलं. मान पुढे, शेपूट मागे सरळ. कुत्र्यांच्या डोळ्यांच्या खोक्यातून दोन तपकिरी काचा काढून बसवल्या. माझे डोळे पिवळेधमक होते! आमचं नाक ओलं असतं म्हणून त्यावर त्याने वार्निश मारलं. तो वास अजून नाकातून गेलेला नाही.

संग्रहालयात एक रीत आहे. प्राण्याच्या पायाला बांधलेली जुनी चिठ्ठी कधी काढायची नाही, नवी तिच्याशेजारी बांधायची. माझी पहिली चिठ्ठी 'पांढरे माकड, आफ्रिका' एवढीच होती. रानाचं नाव नाही, तारीख नाही. दुसरीने मला लेमूर केलं. तिसरीने वेरोच्या सिफाकाची पोटजात ठरवलं. चौथीवर एका साहेबाने लिहिलं, 'कोकरेलचा सिफाका, स्वतंत्र जात?' आणि ते प्रश्नचिन्ह ठेवून तो निवृत्त झाला. नावं बदलत गेली. माझं उभं राहणं मात्र कुणालाच खटकलं नाही.

सुरुवातीची वर्षं काचेच्या कपाटात गेली. लोक कौतुक करायचे, आणि ते कौतुक ऐकून मला जास्तच उबग यायचा. "किती ऐटीत चालतंय ना!" म्हणे. पुढे फॅशन बदलली आणि माझी रवानगी तळघरात झाली. तिथे किड्यांच्या अळ्यांनी माझ्या एका कानाचं टोक खाल्लं. कुणीतरी भिजलेला रेनकोट माझ्या शेपटीवर वाळत घातला आणि तो तीन आठवडे तिथेच आंबला. जी आयुष्यभर दातांनी केस विंचरत आली, तिच्यावर ही वेळ.

दोन वर्षांपूर्वी धम्मदीपा आली. मूळची नागपूरची, लेमुरांवर संशोधन करणारी. आल्मेरे नावाच्या गावाहून ट्रेनने यायची आणि स्टेशनपासून सायकलने. मला पाहताक्षणी तिच्या कपाळाला आठी पडली. "हिला असं कुणी उभं केलं?" ती पुटपुटली. दीडशे वर्षांत पहिल्यांदा माझ्याइतकीच किळस दुसऱ्या कुणाला तरी आली होती. तिने माझ्या पायाच्या बोटाचा नखाएवढा तुकडा तपासायला घेतला. तीन महिन्यांनी पाचवी चिठ्ठी बांधली: कोकरेलचा सिफाका, मादी. प्रश्नचिन्ह गेलं.

पण तोच तुकडा माझ्या जिवावर उठला. नवं दालन होणार होतं, उड्या मारणाऱ्या प्राण्यांचं. दालनाची प्रमुख योके येऊन मला पाहून गेली.

"हिला ठेवता येणार नाही," ती धम्मदीपाला म्हणाली. "अंगात सोमल, त्यात उभी ही अशी. मुलं चुकीचं शिकतील."

"हिचे पाय वळवता आले तर?"

"कातडं वाळून कडक झालंय, तडकेल. आणि नमुना तर आता तुझ्या नळीत आहेच. बाकीचं जपून काय करायचं?"

बाकीचं म्हणजे मी. गुरुवारी विषारी कचऱ्याची गाडी येणार होती आणि मला भट्टीत जाळायचं ठरलं. खरं सांगते, अर्धं मन म्हणालं, सुटले एकदाची. दुसरं अर्धं संतापलं. जळायचं ते जळायचं, पण कुत्रं म्हणून?

गुरुवारी धम्मदीपाची आई तिचं ऑफिस बघायला आली. लताबाई तीन महिन्यांसाठी नागपूरहून लेकीकडे आल्या होत्या. तळघराच्या दारातच त्यांनी ओढणी नाकाला लावली.

"शी गं बाई! असल्या वासात तू दिवसभर बसतेस? वरून डब्यात तो थंडगार ब्रेड!"

"आई, प्लीज, हात लावू नकोस कशाला. सीरियसली, विष आहे त्यात. तू फक्त लिफ्टचं दार धर."

धम्मदीपाने हातमोजे घातले, मला ट्रॉलीवर ठेवलं आणि लिफ्टपर्यंत ढकलत नेलं. लिफ्ट जुनी, अरुंद. त्यात आधीच टाकाऊ खोकी रचलेली. फळी काही केल्या आडवी मावेना. शेवटी वैतागून तिने फळी उचलून सरळ उभी केली, भिंतीला टेकवली आणि आत शिरली. लताबाई नाक दाबून कोपऱ्यात चेपल्या गेल्या.

समोर आरसा होता. लताबाईंनी त्यात पाहिलं आणि नाकावरची ओढणी खाली घेतली.

"दीपा, अगं हे झाडावर चढलंय की!"

"काय?"

"बघ तरी वर मान करून. फळीला कसं धरलंय ते."

धम्मदीपाने पाहिलं. मीही पाहिलं. फळी उभी झाली होती आणि तिच्यासोबत मीही. दोन्ही हात पुढे खोडाकडे, दोन्ही पाय खाली खोडाला लागलेले, शेपूट सरळ खाली लोंबणारी. ज्या माणसाने मला कुत्रं केलं, त्याच्या सगळ्या तारा जागच्या जागी होत्या. फक्त फळी आजवर चुकीच्या बाजूला पडून होती.

"आई, यू आर अ जीनियस!" धम्मदीपा ओरडली आणि योकेच्या मजल्याचं बटण दाबलं.

"जीनियस राहू दे. आधी हात धू."

योके लगेच कबूल झाली असं नाही. ती माझ्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाली, "हिची मान आकाशाकडे आहे."

"पुढचं झाड शोधते आहे," धम्मदीपा म्हणाली. "फलकावर मी सगळं लिहीन. आधी हिला कसं उभं केलं होतं, तेसुद्धा."

शेवटी योकेने फोन काढून गाडीवाल्याला सांगितलं की एक नग कमी आहे.

आता मी नव्या दालनात, बंद काचेमागे, एका खऱ्या खोडावर आहे. डोळे अजून कुत्र्याचेच आहेत, कान अर्धाच, आणि मान अवघडलेली दिसते. परवा एका आईने मला बोट दाखवून मुलीला "माकड" म्हटलंच. पण मुलीने फलक वाचला आणि आईला डचमध्ये चांगलं सुनावलं. मला फार बरं वाटलं, खोटं का बोलू?

मित्रांनो, एक विनंती आहे. एखाद्याची किळस आली तर नाक जरूर दाबा, पण त्याला भट्टीत टाकण्याआधी एकदा सरळ उभं करून बघा. आणि खरी किळस कशाची करायची तेही सांगते. धम्मदीपाच्या टेबलावर माझ्या रानाचे फोटो मी पाहिले आहेत. कोळशासाठी आणि शेतासाठी माणसं ते रान जाळत चालली आहेत. एका फोटोत जळलेल्या काळ्या बुंध्यांच्या मधून एक सिफाका दोन पायांवर, हात वर धरून, आडव्या उड्या मारत चालली होती. पाठीला पिल्लू होतं आणि फोटोच्या कडेपर्यंत कुठेही एक उभं झाड नव्हतं. मला मेल्यावर दीडशे वर्षांनी का होईना, एक खोड मिळालं. तिला ते जिवंतपणी मिळू द्या.