गुलाबी नखांखालची बोटं

नखं सजवण्याच्या दुकानात बारा वर्षं लोकांच्या बोटांत नाक खुपसून बसलेल्या वहिनीला कशाचीच किळस उरली नव्हती. कुणाच्या नखाखालची बुरशी, कुणी चावून चावून सोललेली कातडी, सगळं ती हसतमुखाने घासायची. नणंदेच्या बोटांपुढे मात्र तिने हात टेकले.

बेबीची, म्हणजे या धाकट्या नणंदेची, बोटं टोकाशी फुगली होती. मऊ, चकचकीत, पालीच्या पंजासारखी. नखं गोल होऊन खाली वळलेली. मुळाशी दाबलं की नख खालच्या मांसावर तरंगल्यासारखं हलायचं. पहिल्यांदा हललं तेव्हा वहिनीने तो हात झटकन सोडून दिला.

"शी! काय गं ही बोटं!"

"कामावर काउंटरशी लोक माझे हात बघत बसतात गं, वहिनी. काहीतरी कर ना," बेबी खोकत म्हणाली. तिच्या खोकल्याकडे घरात आता कुणी मानही वळवत नसे.

वहिनीने केलं. दर तीन आठवड्यांनी लांब, सपाट, गुलाबी खोटी नखं चिकटवून दिली. खरं तर बेबीपेक्षा स्वतःसाठीच. जेवताना ती टोकं समोर आली की मेला घास उतरत नव्हता.

सहा महिन्यांनी बेबीला जिना चढवेना, तेव्हा दोघी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि हात हातात घेतला.

"आधी ही नखं काढा."

वहिनीने पर्समधलं रिमूव्हर काढलं. खोलीभर उग्र वास सुटला. एकेक गुलाबी नख निघालं आणि खालचं ते लिबलिबीत टोक पुन्हा वर आलं. डॉक्टरीणबाईंनी किळस न करता बेबीची दोन बोटं नखाला नख लावून उजेडात धरली.

"मध्ये बारीक फट दिसायला हवी. दिसत नाही. छातीतलं दुखणं कधीकधी असं बोटांवर दिसतं. आजच छातीचा फोटो काढा. कधीपासून आहे हे?"

"वहिनीला विचारा," बेबी धापा टाकत कौतुकाने म्हणाली. "माझी बोटं तिच्याइतकी कुणी बघितली नाहीत."

"सहा महिने," वहिनी म्हणाली.

"आणि तुम्ही झाकलीत?"

वहिनीच्या बोटांना गुलाबी चिकट तुकडे लागले होते. ती ते पदराला पुसत राहिली, पुसत राहिली. तिला किळस येत होती, आणि या वेळी ती बेबीच्या बोटांची नव्हती.